जुन्या बॅटरीवाल्या गोल्फ कार्टला पेट्रोल इंजिन: आमच्या आगरातला प्रयोग

सुपारीबाग · ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज मदतच हवी आहे म्हणून बसलो.

आमचं घर हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, डोंगराच्या अंगाला. आगर खाली, समुद्राच्या बाजूला. मधली वाट आमच्याच जमिनीतली, जांभ्याची, आणि निम्मी वाट चढणीची. सहा फुटांना एक फूट चढ सहज असेल. आत्या ब्याऐंशीची आहे. तिचा सगळा जन्म या आगरात गेला, पण गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं ती खळ्याच्या खाली उतरलेली नाही. रोज संध्याकाळी विचारते, "सुपारी कशी धरल्ये रे?" मी सांगतो, फोटो दाखवतो. फोटोत तिला समाधान नाही.

एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा तिथली गोल्फ कार्ट भंगारात निघाली, ती मी उचलली. अमेरिकन बनावट, ऐंशीच्या दशकातली, चार चाकी, दोन माणसांची, मागे सामान ठेवायला जागा. ३६ व्होल्टची आहे, म्हणजे सीटखाली ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. गाडी तेव्हापासून तशीच उभी होती. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही. सहाच्या सहा गेलेल्या होत्या. एक उचलताना तळातून फुटली.

सीटखालचा बॅटरीचा खण बघून मात्र वाईट वाटलं. चार्ज होताना उडालेलं ॲसिड वर्षानुवर्षं खाली झिरपलेलं, त्यावर खारी हवा. अँगलला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पापडासारखे पापुद्रे निघाले आणि एका ठिकाणी आरपार गेला. बादलीभर पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला. असा फसफसला की तपकिरी फेस खणातून बाहेर आला. फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहिलो, चार वेळा. मग साध्या पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात. केबलची तांब्याची टोकं हिरवी पडली होती, ती आत्यानेच आमसुलाच्या पाण्यात घासून लख्ख केली.

मोटर चांगली आहे. वेग बदलायला जुन्या पद्धतीचे रेझिस्टरचे वेटोळे आहेत आणि त्यावर सरकणारा तांब्याचा संपर्क.

आता प्रश्न. परदेशी लोक अशा गाड्यांचं "गॅस कन्व्हर्जन" करतात. मला चढणीला खात्रीचं, वीज नसताना चालणारं आणि गावात दुरुस्त होणारं काहीतरी हवं आहे. माझ्याकडे पाण्याच्या पंपाचं साडेसहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पडून आहे. ते बसेल का? कुणी केलंय का?

---

खाडीपलीकडे · ९ फेब्रुवारी

फोटो टाका हो. आणि गॅस म्हणजे सीएनजी का? घरचा सिलिंडर मागे ठेवून चालेल का? आमच्याकडे एकाने पंपाला लावलाय.

---

सुपारीबाग · ९ फेब्रुवारी

अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, म्हणून ते नाव. मी पेट्रोलच म्हणतोय. स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीला लावायचा विचारही करू नका. बेकायदा तर आहेच, पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता सीटखालच्या खणात साचून राहतो. तिथे एक ठिणगी पुरे. त्या पंपवाल्यालाही सांगा, कृपा करून.

---

लेथवाला_चिपळूण · १० फेब्रुवारी

सुपारीबाग, इंजिन बसेल, ताकदही पुरेल. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे, ती आधी सांगतो, म्हणजे पैसे वाचतील.

बॅटरीच्या गाडीला रिव्हर्सचा गिअरच नसतो. तुमची मोटर सीरीज पद्धतीची असणार, म्हणजे फिरणाऱ्या आर्मेचरची आणि स्थिर फील्डची वेटोळी एकापुढे एक जोडलेली. तिच्यावर चार टोकं असतील, ए१, ए२, एस१, एस२. मागे जायचं म्हणजे फील्डची दोन टोकं उलटी जोडायची, मोटर उलटी फिरते, गाडी मागे येते. पेट्रोल इंजिन एकाच दिशेला फिरतं. म्हणजे तुमच्या एक्सलला इंजिन जोडलं की पुढे जाल, मागे नाही. तिकडच्या पेट्रोल कार्टच्या एक्सलमध्ये पुढे-मागेचा गिअर वेगळा असतो, म्हणून तिकडचे लोक बहुतेकदा अख्खा मागचा एक्सल बदलतात. हार्ले डेव्हिडसननेही १९६३ ते १९८२ या काळात गोल्फ कार्ट काढल्या होत्या. त्यांच्या पेट्रोलच्या गाडीत टू-स्ट्रोक इंजिन होतं आणि मागे जायला ते इंजिन बंद करून उलट्या दिशेने चालू व्हायचं. हुशारीचं काम, पण फोर-स्ट्रोकला ते जमत नाही.

वेगाचा हिशोब सोपा आहे. १८ इंची चाकाचा घेर साधारण १.४३ मीटर. अशा एक्सलमध्ये गिअर साधारण १२ ला १ असतो. पंपाचं इंजिन गव्हर्नरने, म्हणजे वेग रोखणाऱ्या यंत्रणेने, मिनिटाला ३६०० फेऱ्यांना बांधलेलं असतं. पट्ट्याच्या आपोआप बदलणाऱ्या पुल्या शेवटी १ ला १ वर आल्या तर चाकाचे मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे ताशी साधारण २६ किलोमीटर. आगरात एवढा लागतही नाही.

चढणीचं बघू. गाडी, दोन माणसं, थोडं सामान मिळून पाचशे किलो धरा. सहाला एक चढ म्हणजे नुसत्या उतारामुळे मागे खेचणारं बळ ८०० न्यूटनच्या पुढे, वर मातीचा अडथळा. ताशी १० ने चढायला साधारण साडेतीन हॉर्सपॉवर चाकाशी पोचायला हवेत. पट्ट्यात काही वाया गेले तरी साडेसहा पुरतात. पण एक फरक ध्यानात ठेवा. सीरीज मोटर उभ्या जागी पूर्ण जोर देते. इंजिन देत नाही. क्लच घसरवत उचलावं लागतं. मधल्या चढणीवर गाडी थांबली तर पट्टा जळेल.

आणखी एक. मोटर सोडवून बाकावर तपासायची झाली तर पूर्ण ३६ व्होल्ट देऊ नका. सीरीज मोटर बिनाओझ्याची धावत सुटते, फेरे वाढतच जातात आणि आर्मेचर फुटतं. १२ व्होल्टची एक बॅटरी, दोन सेकंद, बस.

---

छपरावरचं_ऊन · १० फेब्रुवारी

मला हे वाचून मनापासून वाटतं की तुम्ही चुकीच्या दिशेला चालला आहात. चांगली मोटर आहे म्हणता, मग काढता कशाला?

जुन्या सहा बॅटऱ्यांचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १२ सेल एकापुढे एक जोडले की ३८.४ व्होल्ट होतात, थेट तुमच्या मोटरला चालतात. शंभर अँपिअर-अवरचा असा पॅक चाळीस किलोच्या आसपास येतो. चढणीला मोटर शंभर अँपिअरच्या वर ओढेल हे खरं, पण ती एक-दोन मिनिटं. ते रेझिस्टरचे वेटोळे काढून टाका, ते नुसती उष्णता करतात. वेग सांभाळणारा आधुनिक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावा. छपरावर सोलर पॅनल टाका, म्हणजे वीज नसली तरी चार्ज होईल. धूर नाही, आवाज नाही. सुपारीच्या बागेत इंजिनची फटफट का आणायची?

---

सुपारीबाग · ११ फेब्रुवारी

ऊनदादा, तुमचं म्हणणं पटतं, आणि मी ते उडवून लावत नाही. पुण्यात राहत असतो तर हेच केलं असतं. पण पॅकमधला बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) किंवा कंट्रोलर पावसाळ्यात दमट हवेने बिघडला तर इथे तो उघडून बघणारा माणूस मला माहीत नाही. माल मागवायचा, परत पाठवायचा, वाट बघायची. आमच्या गावात एक मेस्त्री आहेत, रिक्षा दुरुस्त करतात. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी सीट उचलून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, रिक्षाचं इंजिन टाका. उद्या बिघडलं तर मी हाय, परवा बिघडलं तर माझा पोरगा हाय."

तरी पंपाचं इंजिन हाताशी आहे, आधी ते लावून बघतो.

---

वेळासकडची · १३ फेब्रुवारी

छान धागा. एकच विनंती. गाडी तयार झाली की उत्साहाने पुळणीवर न्यायचा मोह होतो. आमच्याकडे वेळासला, तुमच्या आंजर्ल्यालाही, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हे दिवस तर घरट्यांचेच आहेत. चाकाखाली वाळू दाबली गेली की आतली पिल्लं वर येऊ शकत नाहीत, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. कृपया गाडी आगरातच ठेवा.

---

सुपारीबाग · १३ फेब्रुवारी

ताई, शब्द देतो. बेड्याच्या, म्हणजे आगराच्या फाटकाच्या, बाहेर गाडी जाणार नाही.

---

काळा_कोट · १४ फेब्रुवारी

बेड्याच्या बाहेर न जाण्याला कायद्याचंही कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम २८. कारखाना किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन "मोटार वाहन" या व्याख्येतून वगळलं आहे. तीच गाडी रस्त्यावर आली की नोंदणी, विमा, सगळं लागू होतं आणि अशी गाडी नोंदवून मिळणार नाही. रिक्षाचं इंजिन घेणार असाल तर नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेल्या रिक्षाचंच घ्या आणि पावती जपून ठेवा.

---

सुपारीबाग · २१ एप्रिल

मोठी खबर द्यायची आहे, आणि सगळी चांगली नाही.

पंपाचं इंजिन बसवलं. जुन्या मोटरच्या जागी शाफ्टला पुली, वर इंजिन, मध्ये पट्टा. लेथवाला भाऊंचा वेगाचा हिशोब तंतोतंत आला. सपाटीवर सुरेख चालली. रिव्हर्सचं मी "ढकलून घेऊ" म्हणून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच खाली गेलो. वाटेच्या वळणावर गाडीचं तोंड गडग्याला लागलं. पुढे गडगा, मागे चढण. तीनशे किलोची गाडी चढावर मागे ढकलायला चार माणसं बोलवावी लागली. तेवढ्यात सीटखाली कोंडलेलं इंजिन एवढं तापलं होतं की प्लास्टिकचं झाकण वितळून वाकलं. बॅटरीच्या खणात इंजिन गार राहील एवढी हवा खेळत नाही. बॅटऱ्यांना तेवढा गारवा लागतच नव्हता.

पण मी हादरलो ते त्यानंतर. उतारावर ब्रेक दाबला आणि मागच्या ड्रमची जुनी केबल तुटली. गाडी पंधरा-वीस फूट घसरली, आळ्याच्या मातीत रुतून थांबली. मी एकटा होतो. शेजारी आत्या असती तर, हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही. इंजिनाच्या मागे लागून मी ब्रेक तपासलेच नव्हते. अशी गाडी कुणी करायला घेत असेल तर पहिलं काम ब्रेकचं करा, इंजिन नंतर. केबल वरून चांगली दिसते. म्यानाच्या आत ती गंजून दोन तारांवर उरलेली असते.

दुसऱ्या दिवशी सगळं खोललं.

---

लेथवाला_चिपळूण · २१ एप्रिल

थोडक्यात निभावलं. आता मेस्त्रींचं ऐका. रिक्षाच्या मागच्या इंजिनात चार गिअर, रिव्हर्स आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) एकाच घरात येतात. इंजिन गार करायला स्वतःचा पंखा असतो. मागचे ब्रेक तेलाचे असतात, ते मास्टर सिलिंडरसकट घ्या. टायर ४.००-८, म्हणजे रिमही ८ इंचीच, तुमच्यासारखी. हब मात्र रिक्षाचेच ठेवा, भोकं जुळणार नाहीत.

आणि चेसिस कापू नका.

---

जुनं_ते_सोनं · २२ एप्रिल

शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन. चाळीस वर्षं जुनी वस्तू आहे. एकदा कापली की ती ना कार्ट राहते ना रिक्षा.

---

सुपारीबाग · २२ एप्रिल

नाही कापणार. मूळ एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टवर अडकवलेला आहे. त्याच भोकांत बसेल अशी चॅनलची वेगळी चौकट करायची आणि रिक्षाचा मागचा भाग त्या चौकटीवर. चौकट सोडली की जुना एक्सल परत जागेवर.

---

होडीवाला · ३ मे

इंजिनाचं बाकीचे बघतील, मी गंजाचं सांगतो. समुद्राकाठी नुसत्या रेड ऑक्साईडवर विसंबू नका. वर्षात खालून फुगतो. तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर रंगाखाली ते काम चालूच ठेवतं. पूर्ण वाळल्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. चौकोनी पाइपच्या आत ब्रश जात नाही, तिथे पातळ केलेलं ग्रीस ओता, पाइप तिरका करून फिरवा, जादा निथळू द्या. आणि पाइपच्या सगळ्यात खालच्या बाजूला पाणी निघायला छोटं भोक हवंच. बंद पाइप आतून सडतो, बाहेरून कळत नाही.

---

सुपारीबाग · १८ जून

पाऊस लागला, काम पडवीत चालू आहे. रिक्षाचं इंजिन मिळालं, मेस्त्रींनी रिंगा आणि क्लच प्लेटी बदलल्या. चौकट झाली. गाडी मागून थोडी रुंद झाली, ते चढणीला चांगलंच.

सगळ्यात जास्त वेळ गिअरने खाल्ला. रिक्षात गिअर हँडलच्या मुठीत असतो, दोन केबली, एक ओढली की दुसरी सैल. आमच्या गाडीला गोल स्टिअरिंग. मेस्त्रींनी सीटच्या डाव्या बाजूला एक दांडा केला, त्याला अर्धगोल पट्टी, दोन्ही केबली त्या पट्टीच्या दोन टोकांना. पट्टीवर पाच खाचा. पहिल्या दिवशी तिसरा पडायचा तिथे दुसरा पडत होता. केबल अर्धा सेंटीमीटर जरी सैल असली तरी गिअर चुकतो. केबल ताणायच्या स्क्रूशी दोन दिवस खेळल्यावर बसला. रिव्हर्सचा दांडा वेगळा, लाल रंगवला. क्लच पायाशी घेतला.

पेट्रोलची टाकी मागे, उघड्यावर, सीटखाली नाही. सीटखालचे जुने ३६ व्होल्टचे सगळे स्विच आणि सोलेनॉइड काढले, ते ठिणगी टाकतात.

---

खाडीपलीकडे · १९ जून

पावसाळ्यात उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या दमट हवेत दोन महिन्यांत पाणी तळाशी उतरतं आणि आतली जेट हिरवी होते. माझ्या ग्रासकटरचं असंच झालं. टाकी एकतर काठोकाठ भरलेली नाहीतर पूर्ण कोरडी ठेवा.

---

सुपारीबाग · १९ जून

हे माहीत नव्हतं. आजच काढतो.

---

सुपारीबाग · ६ नोव्हेंबर

दिवाळीत गाडी खाली गेली.

आधी पंधरा दिवस मी वाळूची पोती भरून चढ-उतार करत होतो. पोत्यांचं वजन दोन माणसांएवढं. मधल्या चढणीवर थांबवायची, हँडब्रेक लावायचा, पुन्हा पहिल्या गिअरवर उचलायची. वीस वेळा केलं, एकदाही मागे घसरली नाही. उतरताना पहिल्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच धरून ठेवतं, ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. बॅटरीच्या जुन्या गाडीत हा आधार नव्हता.

पाडव्याच्या सकाळी आत्याला बसवली. कमरेला पट्टा लावला, तो मुंबईहून भाच्याने आणला होता. ती खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. पहिल्या पोफळीपाशी थांबवायला सांगितली, खोडाला हात लावला, वर बघितलं. मग एकेका रांगेशी थांबत गेलो. निसर्गमध्ये पडलेल्या जागी मी नवी रोपं लावली होती, ती तिने मोजली. दोन मेलेली मला दिसली नव्हती, तिला दिसली. वर आल्यावर म्हणाली, "आवाज केवढा करत्ये! पण उद्या परत जाऊ."

---

वेळासकडची · ६ नोव्हेंबर

वाचताना डोळे भरून आले. आत्यांना नमस्कार सांगा.

---

छपरावरचं_ऊन · ७ नोव्हेंबर

मी अजूनही माझ्या मतावर आहे, पण आत्या खाली पोचल्या याचा तुमच्याइतकाच आनंद झाला. जुनी मोटर आणि एक्सल विकणार असाल तर मला सांगा.

---

सुपारीबाग · ७ नोव्हेंबर

विकणार नाही. मोटरला आतून हवा मारली, कार्बन ब्रश कागदात गुंडाळून वेगळे ठेवले, एक्सलमध्ये तेल भरून दोन्ही टोकं प्लास्टिकने बांधली आणि माळ्यावर चढवली. चेसिसला एकही काप नाही. आवाजाबद्दल आत्याही तुमच्याच बाजूची आहे. तेव्हा सवड काढून एकदा या, तुमचे बारा सेल घेऊन. मोटर बाकावर लावून बघू, आधी १२ व्होल्टवर. येताना मल्टिमीटर आणा, आमच्याकडचा पावसात गेला.